झिजलेला गुरमाळा

कुणाच्याही घरी गेले की मी आधी भिंतीवरून हात फिरवते, मग बसते. सुना म्हणतात, बरं दिसत नाही. न दिसू दे. सात वर्षं डोक्यावरून चुना वाहिला आहे मी. तो भिंतीवर नीट बसला की नाही, हे बघायचा मला हक्क आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमगावच्या बाजूला कुठेही चुन्याचं बांधकाम निघालं की मी रेजा म्हणून जाई. रेजा म्हणजे डोक्यावर घमेलं वाहणारी बाई. आमच्या मिस्त्रीचा हात चांगला आणि जीभ तितकीच वाईट. बांबूच्या माच्यावर बसून दिवसभर त्याचं एकच पालुपद, "चुना घट्ट हाये, पानी घाल!" मग वर चढवलेलं घमेलं खाली आणायचं, चुना सैल करायचा आणि पुन्हा वर द्यायचं. सैल केला तर म्हणे, पातळ झाला.

गावातल्या मातीच्या भिंती आम्ही बायकाच लिंपायचो, उघड्या तळव्याने. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण मातीच्या जागी चुना आला आणि तळव्याच्या जागी गुरमाळा, म्हणजे गिलावा घोटायची लोखंडी पात्याची थापी आली, की ते काम पुरुषाचं. हे कुणी ठरवलं होतं, कोण जाणे. मला मात्र गुरमाळा हातात हवा होता. झोपेतसुद्धा माझा हात भिंत घोटायचा, असं नवरा सांगे.

एकदा मिस्त्रीने गोंदियाच्या बाजारातून नवा, जाड पात्याचा गुरमाळा आणला आणि जुना भिरकावून दिला. वर्षानुवर्षं भिंती घासून त्याचं पातं इतकं झिजलं होतं की बोटाने दाबलं तर वाके आणि सोडलं की सरळ होई. मी तो उचलला.

"काऊन उचलून राहिली? मोडून जाईन तो."

"मोडला तर मोडला," मी म्हटलं आणि पदरात गुंडाळला.

घराच्या मागच्या भिंतीवर उरल्यासुरल्या चुन्याने मी शिकले. जाड पात्याची कड चुन्यात रुतते आणि प्रत्येक फेरीला एक रेघ सोडते. पातळ पातं भिंतीच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकतं. त्याला मनगटाचा जोर लागत नाही. पातं जवळजवळ आडवं धरायचं, पुढची कड केसभर उचललेली, आणि दाब फक्त मधल्या दोन बोटांचा. कोपरे मी दगडावर घासून गोल केले, म्हणजे ओरखडा पडू नये. आणि वाट बघायला शिकले. चुन्यावरची पाण्याची चमक गेली, बोट लावल्यावर ठसा उमटला पण बोटाला काही लागलं नाही, की तोच क्षण. त्याआधी घाई केली तर पोपडा निघतो आणि उशीर केला तर भिंत हाताचं ऐकत नाही. नवरा चिडवायचा, "मांगची भिंत राजाची अन् पुढची भिकाऱ्याची."

त्या वर्षी जवळच्या गावात एका शेतकऱ्याच्या घरी काम निघालं. पोरीचं लग्न होतं आणि पुढच्या खोलीला पहिल्यांदाच चुना लागणार होता. मिस्त्रीने नव्या गुरमाळ्याने एक भिंत केली. उन्हाची तिरीप पडली आणि सगळ्या रेघा उघड्या पडल्या. माझ्या तोंडाला कधी लगाम नव्हताच. मी म्हटलं, "मिस्त्री, रेघा दिसून राहिल्या."

तो माच्यावरून उतरला. "मंग तूच कर समोरची भिंत. घरच्या बाईले पसंत पडली, तर उद्यापासून गुरमाळा तुया हातात. नाई पडली, तर जलमभर घमेलं. अन् तोंड बंद."

मी पदरातून झिजलेला गुरमाळा काढला. त्या दिवशी मी जेवले नाही. भिंत इतकी घोटली की काशाच्या ताटासारखी झाली. मिस्त्रीने तीनदा हात फिरवला, पण त्याला एकही रेघ सापडली नाही. मला आभाळ ठेंगणं झालं.

दुसऱ्या दिवशी घरची बाई आली. हळदीला नवरीने त्याच भिंतीवर हळदीचे हात उमटवायचे, अशी आमच्याकडची रीत. हळदीआधी हळद कशी लावायची, म्हणून तिने पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठात तळवा बुडवून पाहिला. भिंत पाणी प्यायलाच तयार नव्हती. पाचही बोटं ओघळून जमिनीपर्यंत आली.

"कायले केली बाप्पा अशी? पोरीचे हात वाहून जातीन?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

मिस्त्री म्हणाला, "घोटली न मस्त? आता पाह्य." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातांच्या ठशांशिवाय भिंत कसली, हे मला कळायला हवं होतं. मीही त्याच रीतीने लग्न झालेली. पण गुळगुळीतपणाच्या नादात मी विसरले होते.

मी बाईला म्हटलं, "हळदीच्या दिवशी मले बोलवा. ठसे राहातीन."

हळदीला मी भिंतीच्या मधला हातभर चौकोन खरवडला, त्यावर मऊ चुन्याचा पातळ थर दिला आणि झिजल्या पात्याने फक्त एकदा सारखा केला. घोटला नाही. थर ओला असतानाच नवरीला म्हटलं, "दाब. अन् लगेच हात धू, चुना चावते."

तिने हळदीने माखलेले दोन्ही हात दाबून उचलले. ठसे पक्के बसले, रेषान् रेषा दिसत होती. आणि बघता बघता पिवळे ठसे लाल होऊ लागले. बायका कुजबुजू लागल्या. हळदीला चुना लागला की लाल होतं, हे पोरीबाळींनाही माहीत असतं. मीच ते ध्यानात घेतलं नव्हतं.

नवरीची आई पुढे झाली. ठशांकडे बघत राहिली आणि मग मोठ्याने म्हणाली, "माया पोरीच्या हरदीनं आपल्या हातानं कुंकू केलं!" बायका हसायला लागल्या. तिने बाकीच्या भिंतीवरून तळवा फिरवला, मिस्त्रीने केलेल्या भिंतीवरूनही फिरवला आणि त्याला विचारलं, "मांगची खोली कोन करन?"

लग्न आटोपल्यावर मागच्या खोलीचं काम निघालं, तेव्हा मी सवयीने घमेल्याकडे गेले. ते जागेवर नव्हतं. मिस्त्री डोक्यावर चुंबळ ठेवून, घमेलं घेऊन दारात उभा होता.

"चढ माच्यावर," तो म्हणाला.

मी चढले. त्याने घमेलं वर दिलं. मी चुन्यात बोट घालून पाहिलं. सात वर्षं मी हेच वाक्य बोलायची वाट पाहिली होती.

"मिस्त्री," मी म्हटलं, "चुना घट्ट हाये. पानी घाला."

आणि तो घमेलं घेऊन खाली उतरला.