कापसाचा उजेड

पुसदच्या बाजारात रंगाच्या एका दुकानामागच्या खोलीत पुष्पा राठोड दिवसभर सूर्य हलवते. खोलीला खिडकी नाही. समोर संगणक, संगणकात घर. गिऱ्हाईक मापं सांगतं, पुष्पा भिंती उभ्या करते, दारं-खिडक्या कापते, भिंतींना रंग देते. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारका सूर्य असतो. तो ओढला की सकाळची दुपार होते, आणि मघाशी सायीसारखा दिसलेला रंग राखेचा होतो.

बंजारा तांड्यावर तिच्या याडीला, म्हणजे आईला, जमनीला, मुलगी नेमकं काय करते ते अजून उमगलेलं नाही. “नसलेल्या घरात दिवा लावते,” असं ती शेजारणींना सांगते. पुष्पा हसते, पण खोडून काढत नाही.

दुकानाची एक रीत आहे. घर नेहमी भर सकाळचं दाखवायचं, कारण त्या उजेडात कुठलाही रंग पसंत पडतो. सूर्य कुठल्या गावचा, असंही ते सॉफ्टवेअर विचारतं. ती जागा कुणी भरत नाही. मग ते आपल्या मनानं कुठल्याशा दूरच्या थंड शहराचा सूर्य धरतं. पुसद-महागावकडच्या कितीतरी बैठकीच्या खोल्या अशा परक्या सूर्याखाली ठरल्या आहेत.

रजत खंदारेची बैठक त्यातलीच. लग्नाआधी उन्हाळ्यात तो महागावजवळच्या आपल्या गावाहून आला होता, आणि भिंतीला फिकट गुलाबी रंग ठरवून गेला होता. डिसेंबरात तो पुन्हा दारात उभा राहिला.

“ताई, तुम्ही दाखवला तो रंग नोहे हा.”

“डबा तोच होता, रजतभाऊ.”

“डब्यात तोच. भितीवर संध्याकाळी दुसराच होते.” तो घुटमळला. “अन् माही बायको तिथं बसली का तिचं तोंड मेल्या माणसासारखं दिसते. आई आता तिले त्या खोलीत येऊच देत नाही. सैपाकघरात झोपते ते. आई म्हणते, या आठवड्यात माहेरी नेऊन घाल. ते एकदा गेली ना ताई, तर गाव तिले परत येऊ देणार नाही. नवी सून आली अन् घराले काहीतरी लागलं, असं सुरूच झालं गावात.”

सुटीच्या दिवशी पुष्पा लॅपटॉप घेऊन गेली. घर नवं, सिमेंटचं. ओसरीवर फायबरचे हिरवे पत्रे. ते रजतच्या वडिलांनी, बबनरावांनी, पावसाळ्यानंतर टाकलेले. तिच्या नकाशात ते नव्हते. आणि तिनं जिथं सोफा काढला होता तिथं खिडकीच्या वरपर्यंत कापूस होता. वेचणी सुरू झाली की इकडे घराघरात असंच होतं. समोरची खोली कापसाला द्यायची, माणसांनी कडेकडेनं राहायचं. पुष्पाच्या तांड्यावरही तेच. तरी एकाही गिऱ्हाइकाच्या घरात तिनं कधी कापूस काढला नव्हता.

“या घरात कापूस मानानं बसते अन् मालक पायरीवर,” बबनराव ओसरीवरून म्हणाले. “लग्नाचा सोफा तिकडं गोठ्यात हाय. म्हैस पाह्यते त्याच्याकडे.”

भिंत आणि ढीग यांच्यामध्ये एक दिवाण तेवढा उरला होता. पुष्पा आत गेली तशी बाहेरची बडबड तुटली. कापसानं ती गिळून टाकली. ती काही बोलली, तर तिचा आवाज तिच्याकडे परत आला नाही.

रजतची आई, विमलताई, दारातच थांबली. “काय व, तुह्या मशीनमधी भूतबित दिसते का?”

“भूत नाही दिसत, काकू. भिंत दिसते.”

“मंग काय कामाची!”

ऊन उतरलं. पश्चिमेचा सूर्य पत्र्यांच्या खाली आला नव्हता, पत्र्यांतूनच आत येत होता. खिडकीतून तो ढिगावर पडला आणि ढीग आतून पेटल्यासारखा उजळला. ज्वाळा नाही, सावली नाही. फक्त एक हिरवट पांढरेपणा, जो कुठून येतो ते सांगता येत नव्हतं. समोरच्या भिंतीतला गुलाबी रंग हळूहळू निघून गेला. अंगातली ऊब निघून जावी तसा.

रजतची बायको, निकिता, चहा घेऊन आली. सासूनं हात आडवा धरला. “इकडूनच दे.”

“पाहू द्या न त्याईले,” निकिता म्हणाली. “मीच नाही दिसली तर त्या पाह्यतीन काय?” आणि भिंतीला पाठ लावून ती दिवाणावर बसली.

पुष्पाचा कप ओठांपाशी थांबला. बाई तीच होती, हसतही होती. पण चेहरा कुणीतरी धुऊन, पुसून, नेण्यासाठी तयार करून ठेवला होता. हसू त्यावर फार उशिरा पोचत होतं.

पुष्पानं लॅपटॉप उघडला. पहिल्यांदाच तिनं जागा भरली, महिना भरला, सूर्य पश्चिमेला नेला. ओसरीवर हिरवे पत्रे घातले, सोफा उचलला, तिथं पांढरा ढीग ठेवला. सॉफ्टवेअरमध्ये माणसंही मिळतात. त्यातली एक गोरी अनोळखी बाई तिनं दिवाणावर बसवली. चित्र वरून खाली भरत गेलं. पत्रे. ढीग. राखेची भिंत. मग त्या बाईचं तोंड.

“आई, पाहा!” रजत ओरडला. “हे कोण्या गावची बाई? इचं कोणाशी लगन झालं? इचं तोंड बी तसंच!”

तो स्वतः निकिताला सरकवून दिवाणावर बसला. त्याचाही चेहरा गेला.

“मढंच दिसतं बे,” बबनराव दारातून म्हणाले. “उतर तिथून, नाही तर कापसासंगं नेतीन तुले जिनिंगवर.”

सगळे हसले. कित्येक दिवसांनी त्या घरात हसले असावेत. पुष्पालाही बरं वाटलं.

“काकू, हा फक्त उजेड आहे,” ती म्हणाली. “पत्रे हिरवे, त्यातून ऊन हिरवं येतं. कापूस पांढरा, तो ते सगळं समोर फेकतो. त्यात गुलाबी रंग मरतो. तोंडावरचाही. कापूस निघाला की भिंत तुम्ही पसंत केली तशीच दिसेल.”

विमलताई हसली नव्हती. ती पडद्याकडे पाहत नव्हती, दिवाणाकडे पाहत होती.

“उजेड,” ती म्हणाली. “माह्या शकूच्या वक्ती बी हेच म्हणत.”

रजतचं हसू थांबलं. शकू त्याची थोरली बहीण, तो कळता होण्याआधीच गेलेली.

“जुन्या घराच्या भिती पिवळ्या मातीच्या. बल्ब पिवळा. म्या म्हणो, पोरगी पिवळी दिसून राह्यली. हे म्हणत, बल्बचा उजेड हाय. सासू म्हणे, भितीचा उजेड हाय. बल्ब बदलला, तरी पिवळी. मंग म्हणे, तुह्या डोयात हाय.” तिनं पदर तोंडाला लावला आणि काढला. “कावीळ होती. उजेडातच गेली माही पोर.”

कापसानं हेही गिळलं.

“रजतचं तोंड गेलं, पण ओठ दिसत होते,” ती म्हणाली. “हिचे ओठ कुठी हायेत?”

मग तिनं निकिताचं मनगट धरलं आणि तिला ओढतच अंगणात नेलं, पत्र्यांच्या पलीकडे, जिथं अजून साधं ऊन होतं. तिथं तिनं सुनेच्या डोळ्याखालची पापणी बोटानं खाली ओढली. आतली बाजू कापसासारखी पांढरी होती.

“दम लागते थोडा,” निकिता हळू म्हणाली. “वेचणीचा असन.”

“अन् चक्कर?”

निकितानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी तिला पुसदला दवाखान्यात नेलं आणि तिथंच ठेवून घेतलं. तिच्या अंगात रक्त फार कमी राहिलं होतं. बाहेरचं रक्त चढवलं. माहेरी पाठवली असती तर काय झालं असतं, हे दुकानात सांगायला आलेल्या रजतनं वाक्य अर्धंच सोडून सांगितलं. तो गेल्यावर पुष्पानं ते चित्र पुन्हा उघडलं. राखेच्या भिंतीपुढची ती गोरी बाई. पुष्पानं तिचा चेहरा मोठा करत नेला, मोठा, आणखी मोठा, रंगाचे चौकोन दिसेपर्यंत. ओठ सापडले नाहीत. तिनं बाईला उचलून टाकलं. दिवाण रिकामा राहिला, आणि जास्तच बघवेना.

संक्रांतीनंतर निकिताचा फोन आला. “हळदीकुंकवाले या न ताई. आई मुद्दाम म्हणून राह्यल्या.”

पुष्पा गेली. गावात बहुतेकांचा कापूस निघाला होता. खंदाऱ्यांच्या बैठकीत मात्र खिडकीपुढचा ढीग तसाच होता.

“आई नेऊ देत नाही,” रजत कानाशी म्हणाला. “व्यापारी दोनदा आला. पत्रे बदलतो म्हणलं तर जेवली नाही. रोज संध्याकाळी आम्हाले एकेकाले दिवाणावर बसवते अन् पाह्यते. बाबांले बी. मोठ्या मुश्किलीनं उठू देते.”

बायका ओसरीत दाटीनं बसल्या होत्या. विमलताई ऊन पत्र्यांमागे येईपर्यंत थांबली. मग एकेकीला आत बोलावून दिवाणावर बसवू लागली. हळद, कुंकू, वाण. आधी निकिता बसली. तिचा चेहरा गेला, पण ओठ राहिले, आणि विमलताईनं पहिल्यांदा श्वास सोडला. त्या उजेडात कुंकू लाल दिसत नव्हतं. बाई उठली की कपाळावर एक काळा ठिपका घेऊन उठायची, ओसरीबाहेर जायची, आणि मग तो लाल व्हायचा. बायकांना ते कळत होतं. आत जाताना त्या थट्टा करत होत्या, दिवाणावर बसल्या की गप्प होत होत्या.

“ये व पुष्पा. बस.”

पुष्पा बसली. पाठीला भिंत गार लागली. समोर तो ढीग, आणि त्याच्या उजेडात विमलताईचे डोळे. म्हातारीनं तिची हनुवटी अंगठ्यानं वर केली. इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिलं. बाहेर कुणाची तरी बांगडी वाजली आणि तो आवाज कापसात बुडाला.

“काय दिसलं, काकू?”

विमलताईनं हळद लावली, कुंकू लावलं. ओटीत तिळाचा लाडू आणि वाटी ठेवली. तिचा हात पुष्पाच्या हातावर तसाच राहिला.

“काही नाही, माय,” ती म्हणाली. “उजेड हाय.”

पुष्पा उठली. दारात आली, ओसरी ओलांडली, भराभर अंगणात गेली, जिथं निकिताची पापणी ओढली होती तिथं. रजतच्या गाडीच्या आरशात वाकून तिनं स्वतःच्या डोळ्याखाली बोट लावलं.

पण तोवर सूर्य गेला होता. आरशात पापणीची कड दिसत होती, रंग दिसत नव्हता. आता सकाळपर्यंत थांबायचं होतं.