माती टाकण्याआधी

भालेराव साहेब कोणाच्याही घरी गेले की आधी नळाचं पाणी मागायचे. माठातलं नको, फिल्टरचं तर मुळीच नको. पेला उजेडात धरायचे, नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि मगच प्यायचे. आमच्या वाघोलीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला मंडळी हॉलचं कौतुक करत होती आणि साहेब स्वयंपाकघरात पेला हुंगत उभे! माझ्या सासूबाई मूळच्या सदाशिव पेठेतल्या. त्या म्हणाल्या, "अहो, विष घालण्याइतकी आपली ओळख अजून झालेली नाही." साहेबांना मनापासून हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

सरकारी पैशातून पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी टाकल्या जात, त्यांवर देखरेख करायची हे आमच्या खात्याचं काम. मी साहेबांच्या हाताखाली नवी इंजिनिअर. पाइप जोडले की त्यांत दाबाने पाणी भरायचं, सांधे उघडे ठेवून गळती बघायची आणि मगच चर बुजवायचा, हा नियम. साहेब स्वतः चरात उतरून प्रत्येक सांध्यावरून हात फिरवत. कंत्राटदार कुरकुरला की म्हणत, "माती टाकली की सगळेच प्रामाणिक." जेवणाची वेळ टळून जाई आणि मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत असे.

एकदा चिडून बोललेच, "साहेब, माणसावर थोडा तरी विश्वास ठेवावा."

"ठेवला होता, मॅडम. एकदा."

मग जीपमध्ये त्यांनी सांगितलं. खराडीकडे काचेच्या इमारती नुकत्या उठू लागल्या होत्या. एका कंपनीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि पाहुण्यांना उखडलेला रस्ता दिसायला नको होता. पाण्याची लाइन सांडपाण्याच्या लाइनीशेजारून गेलेली. साहेब चाचणीला पोचले तेव्हा चर बुजवून झाला होता. "चाचणी झालीय," असं कंत्राटदार म्हणाला, "सही करून टाका," असं वरिष्ठ म्हणाले, आणि साहेबांनी सही केली. पावसाळ्यात सांडपाणी सांध्यांतून पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि शेजारच्या गावठाणात कावीळ पसरली. काम चालू असताना ज्या हौसाबाई त्यांना रोज चहा द्यायच्या, त्यांची तरणीताठी सून गेली.

चौकशीत सगळा दोष कंत्राटदारावर गेला. साहेब आपण होऊन समितीपुढे उभे राहिले, तर त्यांना सांगण्यात आलं की प्रकरण मिटलंय, उगाच उकरू नका.

"समितीने मला सोडलं," ते म्हणाले. "हौसाबाईंनी तर कधी धरलंच नव्हतं. मग मी जायचं कोणाकडे?"

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर ते मला हौसाबाईंकडे घेऊन गेले. आम्ही घरापुढच्या ओट्यावर टेकलो आणि म्हातारीने तांब्या-पेला आणून ठेवला. साहेबांनी पेला उचलला आणि वास न घेता, न बघता, एका दमात रिकामा केला. मी चकितच झाले.

"आज तपासलं नाहीत?" मी हळूच विचारलं.

"या घरात कुठल्या तोंडाने तपासू?"

साहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्यांची आठवण निघाली की मला तो ओटाच दिसतो. हौसाबाईंना आमचं बोलणं ऐकू गेलं असावं. पेला पुन्हा भरत त्या मायेने म्हणाल्या, "बिनघोर प्या, सायेब. उकळल्यालं हाय. सून गेल्यापास्नं उकळल्याबिगर कुनाला देत न्हाय म्या."

साहेबांनी तो दुसरा पेला हातात घेतला. त्यांना तो पिता आला नाही.