अर्धी नववी वर्गात, अर्धी घरात

तिला मार बसताना मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नववीला दोन चलांतली समीकरणं शिकवत होते. शाळा बंद होऊन काही महिने झाले होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर डब्यांची उतरंड रचून तिच्यावर फोन टेकवलेला, समोर वही, आणि फोनमध्ये चाळीस-एक मुलं. बहुतेकांचे कॅमेरे बंद. मी कुणालातरी y ची किंमत विचारली आणि उत्तराऐवजी एक चपराक ऐकू आली. मग दुसरी. मग भांडं पडल्याचा आवाज, आणि एका पुरुषाचा आवाज, मराठीत, "परत बोल! परत बोल बघू!"

कुणाचा माइक चालू आहे ते पडद्यावर दिसतं. ती होती. वर्गातली एकटी मराठी मुलगी. तिचं घराणं बेंगळुरूतलं जुनं, कित्येक पिढ्या इथलं, त्यामुळे तिच्या मराठीत निम्मी कन्नड. मी निपाणीची, लग्न होऊन इथे आलेली. मधल्या सुट्टीत ती माझ्याशी मुद्दाम मराठीत बोलायची, जणू आमच्या दोघींचं काही गुपित आहे.

मी तिचा माइक बंद केला.

हे मला लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं सांगताना लोक मला धीट म्हणतात. त्या दिवशी मी बटण दाबलं, आवाज थांबला, आणि मी म्हटलं, "ओके, तर y बरोबर तीन." तिकडे मार थांबला नव्हता. थांबलं होतं ते आमचं ऐकणं. तासानंतर मी तिला मेसेज केला, ठीक आहेस ना? तिचं उत्तर आलं, "सरी मिस, ठीक आहे. टीव्ही होता."

मुख्याध्यापिकाबाईंना मी सांगितलं. त्या वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या. "सगळ्यांच्याच घरी सध्या ताण आहे," त्या म्हणाल्या. "घरातलं घरात राहू दे. आपण शिकवायचं." मला बरं वाटलं. कुणीतरी मोठ्या माणसाने मला सोडवलं होतं.

तिचे वडील चिकपेटेतल्या साड्यांच्या घाऊक दुकानात विक्रेते होते. दुकान बंद पडलं, काम गेलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणायचे, काम गेलं की माणसं अशी होतात. बऱ्याच दिवसांनी तिनेच मला सांगितलं की ते आधीपासूनच मारायचे, फक्त पूर्वी सकाळी नऊला घरातून निघून जायचे.

मग शाळा उघडायची ठरली. आधी नववी-दहावी, तीही अर्धी-अर्धी. आज या रांगा, उद्या त्या रांगा, आणि उरलेली मुलं घरून. वर्गात एका स्टँडवर फोन लावला होता, तो फळा घरच्या मुलांना दाखवायचा, आणि घरची मुलं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आम्हाला दिसायची. शाळेत यायचं तर पालकांचं सहीचं संमतीपत्र लागायचं. हळूहळू सगळ्यांची पत्रं आली. तिचं आलं नाही.

मी तिच्या वडिलांना फोन केला.

"नमस्कार अक्का," ते म्हणाले. इतका मऊ आवाज. वर्षानुवर्षं बायकांसमोर साड्या उलगडणाऱ्या माणसाचा. "पोरगी घरीच बरी. बाहेर रोग आहे. तिला काय झालं तर तुम्ही बघणार का?"

"शाळेत सगळी काळजी घेतोय आम्ही. आणि हुशार आहे ती, समोर बसली तर..."

"सरी अक्का, सरी. बघतो."

दुसऱ्या दिवशी ती घरूनच तासाला आली, कॅमेरा बंद ठेवून. तास संपल्यावर तिचा मेसेज आला. "मिस, घरी फोन करू नका. प्लीज."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या एका फोनची किंमत तिने रात्रभरात चुकवली होती. त्यानंतर मी फोन केला नाही, आणि दुसरंही काही केलं नाही. मुलांसाठी हेल्पलाइन असते हे मला ठाऊक होतं. तिचा नंबर वर्गाच्या दारावरच चिकटवलेला होता.

मग घटक चाचणीचा दिवस आला. समोर एकोणीस मुलं, मास्क लावून, एका बाकावर एक. बाकीची पडद्यावर. चाचणीला कॅमेरा आणि माइक दोन्ही चालू ठेवायचे असा नियम, म्हणून तिनेही ठेवले. तिचा खालचा ओठ सुजला होता. ती मान खाली घालून भराभर लिहीत होती. मी पडद्याकडे पाठ करून उभी राहिले, कारण मला ते बघवत नव्हतं.

समोरच्या बाकावरची एक मुलगी किंचाळली. मी वळले. पडद्यावर वडिलांनी मागून तिचे केस धरले होते. त्यांनी तिचं डोकं लोखंडी कपाटावर आपटलं. आमच्या स्पीकरमधून तो आवाज भिंतीएवढा मोठा होऊन आला. एकदा. पुन्हा एकदा. एकोणीस मुलं उभी राहिली, कुणी रडायला लागलं. माझा अंगठा फोनवर गेला होता, त्याच बटणावर. तो तिथे होता हे मला आजही स्पष्ट आठवतं.

मी अंगठा उचलला आणि ओरडले, "अण्णा! सोडा तिला! सगळा वर्ग बघतोय!"

ते थबकले. आवाज कुठून आला ते शोधत इकडेतिकडे पाहिलं आणि मग फोनमध्ये, थेट आमच्याकडे. वर्षभरात त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहत होते. साधा चेहरा, नीट विंचरलेले केस. मग हात पुढे आला, छत दिसलं, आणि पडदा काळा झाला.

मुलांना मी सांगितलं, "ऑफिसात जा. बाईंना सांगा पोलिसांना फोन करायला. पत्ता रजिस्टरमध्ये आहे." आणि मी स्कूटरची किल्ली घेऊन पळाले.

त्यांचं घर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागे होतं, शाळेपासून दहा मिनिटांवर. एका ओळीत सहा खोल्या, सगळ्यांना मिळून एक नळ. नळाशी एक बाई भांडी घासत होती, आणि आतून येणारा आवाज तिला ऐकूच येत नसावा अशी घासत होती. ती मुलीची आई. मला पाहून म्हणाली, "आत नका जाऊ अक्का. स्वल्प थांबा. होतं बंद."

दाराला आतून कडी होती. पत्र्याचं दार. तिसऱ्या लाथेला कडी निघाली.

मुलगी कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे दुमडून बसली होती, दोन्ही हात डोक्यावर. वडिलांच्या हातात दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो माझ्यावर चालवला. मी डावा हात वर केला. मनगटाच्या वर काहीतरी तुटलं, ते मी आधी ऐकलं, दुखलं नंतर.

उजव्या हातात हेल्मेट होतं. ते मी त्यांच्या कानशिलावर हाणलं.

ते पडले, गज हातातून सुटून खाटेखाली गेला. तिथे मला थांबता आलं असतं. माझे वडीलही शिक्षक होते, आणि ओल्या फोकेने मुलांच्या पोटऱ्या फोडणारा मास्तर म्हणून गावात त्यांचं नाव होतं, लोक कौतुकाने सांगायचे. मी शिक्षिका झाले तेव्हा कुणावर हात उचलायचा नाही असं ठरवलं होतं आणि इतकी वर्षं पाळलंही होतं. पण त्या खोलीत मी गुडघ्यावर बसून पडलेल्या माणसाला मारत होते. एक, दोन, तीन. भुवई फुटली, रक्त हेल्मेटच्या काचेवर उडालं, आणि मला ते आवडत होतं. दुसरा शब्द मला सापडत नाही. किती वर्षांचं काहीतरी हातातून बाहेर पडत होतं, आणि त्यात या मुलीचं थोडंच होतं.

"मिस! पुरे! मरतील ते!"

ती ओरडत होती तरी माझा हात पुन्हा वर गेला. तो मागून कुणीतरी पकडला. साबणाने बुळबुळीत झालेले हात होते, तरी पकड घट्ट होती. तिची आई. "आता पुरे अक्का," ती म्हणाली, आणि मग खाली नवऱ्याकडे बघून, अगदी त्याच सुरात, "तुम्ही पण. आता पुरे."

पोलीस आले तेव्हा आम्ही चौघंही जमिनीवर बसलेलो होतो. एक बाई पोलीस होती. तिने कन्नडात विचारलं, कोणी मारलं?

आईने नवऱ्याकडे बोट केलं. "यांनी. लग्न झाल्यापासून."

"आणि यांना?"

"मी," मी म्हटलं.

तिने माझा लोंबणारा हात पाहिला, कोपऱ्यातल्या मुलीकडे पाहिलं. "ते नंतर लिहू. आधी दवाखाना."

मुलीची दोन बोटं मोडली होती आणि उजव्या कानाचा पडदा फाटला होता. माझ्या हाताला प्लास्टर. वडिलांना टाके पडले, मग ते कोठडीत गेले, आणि काही आठवड्यांनी जामिनावर सुटले. तोवर मायलेकी होसकोट्याला मामाकडे निघून गेल्या होत्या.

शाळेत पालकांच्या तक्रारी आल्या. आमच्या मुलांना वर्गात हे बघावं लागलं, म्हणाले. एका मुलाच्या आईने तर विचारलं, कॅमेरा लगेच बंद का केला नाही? मुख्याध्यापिकाबाईंनी मला घरी बसायला सांगितलं, आणि महिन्याभरात परत बोलावलं, कारण वर्गातल्या आणि घरच्या मुलांना एकाच वेळी गणित शिकवायला दुसरं कुणी तयार होईना. परतले तेव्हा पडद्यावर ती होती. मामाच्या फोनवरून, पाठीमागे हिरवी भिंत. वर्ष तिने असंच पूर्ण केलं. दहावीला तिथल्याच शाळेत गेली.

गेल्या वर्षी मी तिला भेटायला होसकोट्याला गेले. ती आता नर्सिंग करते. उजव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून तिने मला डावीकडे बसवलं. इकडचं तिकडचं बोललो. मग मी, इतके दिवस आत ठेवलेलं, बोलून टाकलं, "त्या दिवशी तू ओरडली नसतीस तर मी थांबले नसते. मला भीती वाटते त्याची."



"मिस, तुम्ही थांबू नये असं वाटत होतं मला," ती म्हणाली. "त्यांनी मरावं असं वाटत होतं. त्याचीच भीती वाटली, म्हणून ओरडले."

ती रडली नाही, मला मात्र आवरेना. तेवढ्यात तिची आई कामावरून आली. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला असते, गळ्यात अजून कंपनीचं ओळखपत्र होतं. माझ्या चेहऱ्याकडे तिने एकदा पाहिलं. पदर खोचून सरळ तांदूळ धुवायला घेतले आणि म्हणाली, "अक्का, जेवूनच जायचं. स्वल्प वेळ लागेल."

मी जेवूनच निघाले.