कांद्याच्या युरियाचा डबा

फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते, चाकणच्या कांदा मार्केटजवळ ट्रकांच्या रांगेत अडकलेली. रुखसाना मॅडम गेल्या... पलीकडून त्यांचा भाऊ सांगत होता आणि मी नुसती "हो, हो" म्हणत होते. महिना झाला, अजून पटत नाही.

त्या आमच्या औषध कंपनीच्या लॅबच्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखालची. पाण्यात न विरघळणाऱ्या एका गोळीत औषध नेमकं किती, हे तपासायला आम्ही ती मिथेनॉलमध्ये विरघळवायचो. विषारीच ते. दुपारपर्यंत वासाने डोकं धरायचं. मॅडमचे वडील चिंचवडला मेकॅनिक. जन्मभर पेट्रोलने हात धुतले आणि खोकत खोकत गेले. "माझ्या पोरींना मी हे हुंगू देणार नाही," त्या म्हणायच्या. पोरी म्हणजे आम्ही! युरियाच्या दाट द्रावणात अशी औषधं विरघळतात, हे त्यांनी वाचलं होतं. आमच्या गोळीवर ते जमवायचा ध्यास मात्र त्यांचा स्वतःचा. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी एक आठवडा दिला. जुन्या पद्धतीशी आकडे जुळले तर ठीक, नाहीतर विषय बंद.

आणि माती खाल्ली मी. चौथ्या दिवशी लॅबचा शुद्ध युरिया संपला. आमच्या घरी कांद्याला टाकायची गोणी होतीच. पाचव्या दिवशी मी डबा भरून आणला आणि कुणालाही न विचारता द्रावण केलं. आकडे भलतीकडेच गेले. मॅडमनी बाटली उजेडात धरली. गढूळ, पिवळट.

"सुनीता, हा युरिया कुठला गं?"

"आमच्या शेतातला हाय, मॅडम." घाबरले की माझं गाव बाहेर येतं.

"अगं, त्याला निंबोळीचं तेल लावलेलं असतं! कांद्याला चालतं, गोळीला नाही." डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

साहेबांपुढे मात्र शांतपणे म्हणाल्या, "चूक माझी. मी तपासून घ्यायला हवं होतं. उद्या आम्ही परत करतो." शुद्ध युरिया मागवला, परत केलं आणि आकडे जुळले. अहवालावर त्यांनी माझं नाव स्वतःच्या नावाआधी लिहिलं.

आता ती गोळी मिथेनॉलशिवाय तपासली जाते. काल नवी मुलगी आली, दारातच म्हणाली, "लॅब असून वासच नाही, मॅडम!" मला मॅडमचा फार अभिमान वाटला. फळीवरचा तो डबा काढून तिच्या हातात दिला. मॅडमनी तो कधी फेकू दिला नव्हता. त्यावर त्यांच्या अक्षरात अजून चिठ्ठी आहे... "कांद्यासाठी. तपासल्याशिवाय वापरू नये. चूक : रुखसाना."