टिकली कुणाच्या हाती द्यायची?

मालन सकपाळ यांनी एसटीत एकवीस वर्षं कंडक्टरकी केली. माणसाचा चेहरा बघून तो खरं बोलतोय की थाप मारतोय हे त्या ओळखतात, असं कल्याण डेपोत सगळे म्हणायचे. म्हणूनच त्या फसल्या तेव्हा त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

झालं असं. गुहागरला भाचीचं लग्न निघालं, दहा दिवसांचं जाणं. डोंबिवलीच्या घरात मालनबाई आणि टिकली, दोघीच. टिकली म्हणजे काळी कुत्री, कपाळावर पांढरा ठिपका. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटापाशी गटारात सापडलेलं पिल्लू ते, आता चार वर्षांची झालेली. पुण्याहून मुलगा विनीत म्हणाला, "आई, मी ऑनलाइन बघून देतो. टिटवाळ्याच्या पुढे एक फार्म आहे. साडेचार स्टार!"

फोटोत हिरवंगार गवत होतं, पोहायला हौद होता. मालक फोनवर गोड बोलला, टिकलीला 'बेबी' म्हणाला. दहा दिवस रोज एक फोटो येत राहिला.

परत आल्या तेव्हा टिकली गेटावरच त्यांच्या हातात मिळाली. त्यांना बघून तिनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. भुंकून भुंकून घसा बसलेला. पट्ट्याखाली मान सोललेली. पुढच्या पायाची दोन नखं मुळापासून तुटलेली.

"मस्ती करताना लागलं असेल, ताई. घरच्या कुत्र्यांना सवय नसते ना," मालक हसत म्हणाला.

मालनबाई त्याला बाजूला सारून सरळ आत गेल्या. हिरवळीच्या मागे पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये एकावर एक रचलेले पिंजरे. तेवढं दिसलं आणि कुणीतरी आतून दार लावून घेतलं.

त्यानंतर टिकली पंजाला कुणाला हात लावू देईना. लावला की दात दाखवायची.

मालनबाई तक्रार घेऊन एका कार्यालयात गेल्या. टेबलामागच्या माणसानं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "बाई, ही तक्रार कुठल्या खात्यात घालू तेच मला कळत नाही. कुत्री सांभाळतो, शिकवतो, अशी पाटी उद्या मी लावली तरी मला कोण विचारणार आहे?"

त्याच महिन्यात डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली. निदान तीन आठवडे टिकलीला सांभाळता येणार नव्हतं. विनीतच्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं. मालनबाईंनी तारीखच पुढे ढकलली. "गुडघा थांबेल. हिला आता चुकीच्या हातात देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यानं शोधाला निघाल्या.

न कळवता जायचं, हा पहिला नियम. कुत्री झोपतात ती जागा बघायला मागायची. आणि मग विचारायचं, "कुत्रं ऐकत नसेल तर तुम्ही काय करता?"

कुत्री सांभाळणाऱ्या एकाच्या भिंतीवर सात सर्टिफिकिटं फ्रेम करून लावलेली होती. तो म्हणाला, "बॉस कोण आहे ते आधी दाखवावं लागतं." मालनबाईंनी चपला घातल्या. कुत्र्यांचे केस कापणाऱ्या, ठेवूनही घेणाऱ्या एका दुकानाच्या काचेला आतून कागद चिकटवलेले होते. "मालक समोर असले की कुत्री बिथरतात," असं कारण मिळालं. तिथूनही त्या निघाल्या. तिसऱ्यानं खिशातून एक पट्टा काढला, आतून दाते असलेला. मालनबाईंनी तो स्वतःच्या मनगटाला लावून ओढला आणि वळ त्याला दाखवला. त्यानं पट्टा पुन्हा खिशात घातला.

शेवटी त्यांना हवं तसं माणूस दिसलं ते ठाण्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात. टिकलीची नखं दाखवायला त्या तिथे गेलेल्या. बाकं रिकामी असताना एक पन्नाशीची बाई फरशीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर एका म्हाताऱ्या आंधळ्या कुत्र्याचं डोकं. डॉक्टरांनी सुई टोचली तरी ते हललं नाही.

"तुमचा का हो?"

"नाय गो बाय, पावना हाय. मालक दुबईला गेलाय त्याचा."

ती शकू पाटील, बाळकुमची. भोवतीच्या जमिनींवर टॉवर उठले, त्यांचीही जमीन गेली. पण नवऱ्यानं, परशुरामनं, जुनं घर आणि अंगण ठेवलं. टॉवरमधली माणसं गावाला जाताना कुत्री तिच्याकडे सोडू लागली, तसं हे काम सुरू झालं.

दुसऱ्याच सकाळी मालनबाई टिकलीला घेऊन रिक्षानं माणकोलीच्या पुलावरून बाळकुमला धडकल्या. दार उघडंच होतं. ओट्यावर दोन कुत्री ऊन खात होती. परशुराम पाण्याची भांडी घासत होता.

"कुठं झोपतात ही?"

"जा ना आत, बघ," शकू म्हणाली आणि तिथंच बसून राहिली.

मालनबाईंनी घर धुंडाळलं, मग ठरलेला प्रश्न विचारला. शकूनं जरा विचार केला. "नाय ऐकला तर मी गप बसते. त्याला काय पायजे ते मना अजून कललं नसंल."

मग तिनंच प्रश्न सुरू केले. ही कशाला घाबरते? पाऊल का उचलून धरते? फटाक्यांना काय करते? अर्धा तास उलटतपासणी झाली. शेवटी मालनबाई म्हणाल्या, "मग ठेवता का हिला?"

"आज नाय ठेवनार. पयले चारदा घेऊन ये. तिला घराचा वास घेऊ दे, मंग बघू."

आजवर 'आत्ताच सोडून जा' म्हणणारे खूप भेटले होते. नाही म्हणणारी ही पहिलीच. मालनबाई मनापासून हसल्या. चौथ्या खेपेला टिकली ओट्यावर चारी पाय पसरून झोपली, आणि ऑपरेशनची तारीख पक्की झाली.

हॉस्पिटलमध्ये सजवलेले फोटो आले नाहीत. मालनबाई वाटेल तेव्हा फोन करायच्या. शकू उचलायची आणि टिकली असेल तिथे फोन धरायची. सहाव्या दिवशी शकूनंच फोन केला. "तुझ्या टिकलीनं आज माझ्या सुनेला दात लावला. करिश्मानं नकलत पाय धरला, चूक आमची. रगत नाय आलं. तुना सांगायला पायजे म्हनून सांगते."

मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नर्स धावत आली, "दुखतंय का आजी?"

"नाही गं. खरं बोलणारं माणूस मिळालं," त्या म्हणाल्या. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

तीन आठवड्यांचे चार झाले. मग एका सकाळी काठी टेकत, पण ताठ पाठीनं, मालनबाई बाळकुमच्या अंगणात उतरल्या. आणि टिकली भुंकली. चांगली खणखणीत, टॉवरच्या वरच्या मजल्यावरचे लोक गॅलरीत आले इतकी. अंगणात तीन चकरा मारून ती येऊन त्यांच्या नव्या गुडघ्याला अलगद टेकली.

"बस, गंमत दाखवते," शकू म्हणाली. जमिनीवर बसून तिनं तळहात पुढे केला. वाट बघितली. टिकलीनं स्वतःहून त्यावर पंजा ठेवला. शकूनं दुसऱ्या हातानं नेलकटर लावला. टक्. एक नख. टक्, दुसरं. तुटलेली दोन्ही नखं पुन्हा आली होती. टिकली मधेच जांभई देत होती.

"कसं केलंत हो हे?"

"मी काय नाय केला. रोज हात पुढं केला नि थांबले. अठरा दिवस तिनं बघितलापन नाय."

मालनबाईंनी दोन्ही हातांनी शकूचे हात धरले. एवढं मोठं बक्षीस त्यांना नोकरीतही कुणी दिलं नव्हतं.

डोंबिवलीत ही सगळी हकिकत कुत्रेवाल्यांत पसरायला वेळ लागला नाही. टिटवाळ्याच्या फार्मवाल्यानं चिडून फोन केला, "तुमच्यामुळे आठ गिऱ्हाईकं गेली!" मालनबाई शांतपणे म्हणाल्या, "शेड दाखवा. बरी असेल तर नवं गिऱ्हाईक मी स्वतः घेऊन येते." त्यानं फोन ठेवला. काचेला कागद लावणाऱ्या दुकानदारानं मात्र महिन्याभरात कागद काढले. आता तिथे मालक शेजारी स्टूल टाकून बसतात आणि गर्दी आधीपेक्षा जास्त आहे.

शकूकडे जागा पुरेना, तेव्हा तिनंच तोडगा काढला. मालनबाईंची शेजारीण संचिता, जिच्या घरी दोन लॅब्राडॉर आहेत, ती आता बाळकुमला जाऊन काम शिकते, म्हणजे पुढे तिलाही कुत्री ठेवून घेता येतील. आणि सल्ला विचारायला येणाऱ्याला मालनबाई नाव-पत्ता देत नाहीत. "रविवारी दहाला खाली या," म्हणतात, "जोडीनं जाऊन बघू." गेल्या रविवारी पाच जण आले. मालनबाई काठी घरीच ठेवून पुढे चालत होत्या.