बाळाच्या मुठीतला पक्षी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षं झाली असतील. मी चौलला ड्रॉइंग मास्तर होतो. मुंबईत दोन वर्षं चित्रकला शिकून आलेलो—उथळ पाण्याला खळखळाट फार. खाडीपलीकडच्या ख्रिस्ती वाडीत एक लहानसं चर्च होतं. त्याची चावी वाडीतल्या पेद्रूकडे असायची, त्याच्या आजापासून चालत आलेली. आत मेरीआईचं जुनं चित्र होतं, इटलीतल्या कुणा थोर चित्रकाराच्या चित्रावरून उतरवलेलं. मांडीवर बाळ, बाळाच्या मुठीत इवलासा पक्षी, पक्ष्याच्या डोक्यावर लाल ठिपका.

त्याचा अर्थ पेद्रूला मीच सांगितला. तो ठिपका म्हणजे रक्ताचा थेंब. हे पोर मोठं होईल, जवळचाच माणूस त्याला धरून देईल, ते क्रुसावर जाईल—आईला हे आत्ताच ठाऊक आहे, म्हणून ती हसत नाही. पेद्रू चित्राजवळ गेला. "वळखून हाय," तो म्हणाला, "तरी मांडीवर घेऊन बसलीय." त्यानंतर मी मागेन तेव्हा तो मला चावी देऊ लागला, फादरला न विचारता.

चित्र काजळलं होतं. आमच्या घरी सणाआधी पितळेचे देव चिंचेनं लख्ख व्हायचे—मला वाटलं, इथेही होईल. कुणाला विचारलं? शिकलेला ना मी. एका दुपारी एकटाच गेलो आणि चिंचेच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं घासत बसलो. काजळी गेली. पक्षीही गेला.

रविवारी फादरनं आम्हा दोघांना समोर उभं केलं. पेद्रूला खात्री होती, मी खरं ते बोलेन. आणि मी बोललो—"फादर, मी याला बजावलं होतं, चित्राला पाणी लावू नकोस." का? माझं नाव खराब होईल म्हणून. एवढंच. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. पेद्रूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, कमरेची चावी सोडली आणि टेबलावर ठेवली.

पुढे काही वर्षांनी शाळेची मुलं घेऊन तिथे गेलो. एका मुलीनं विचारलं, बाळानं हात असा का धरलाय? मी म्हणालो, आशीर्वाद देतंय. तिला पटलं नाही. मागच्या बाकावर पेद्रू बसला होता, तिनं त्याला विचारलं.

"मास्तर सांगतात तसाच हाय, बाय," तो म्हणाला.

तो आशीर्वाद नाही. तिथे पक्षी होता, आणि तो मी पुसला.