रेहानाच्या कँटीनमधली संकष्टी

"महिनाअखेरीला माझं किचन बंद होतंय. त्याच्या आत एकदा येऊन माझ्या हातचं जेवून जा," असा रेहानाचा फोन आला आणि मी त्याच संध्याकाळी एसटीचं आरक्षण केलं. पुणे ते छत्रपती संभाजीनगर, जाऊन-येऊन दोन दिवस. तिचं कँटीन ज्या संग्रहालयात आहे त्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते म्हणून सोमवार टाळला, शनिवार-रविवारची गर्दी टाळली, परतीची गाडी संध्याकाळची घेतली. माझं नियोजन चोख असतं. सगळं पाहिलं होतं, फक्त तिथी पाहिली नव्हती.

रेहाना ही माझी कॉलेजच्या हॉस्टेलमधली मैत्रीण, जालन्याची. कॉलेज संभाजीनगरातच, तेव्हा त्याला औरंगाबाद म्हणत. महिन्यातून एकदा तिच्या अम्मीचा डबा एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचा. त्यात बघारे बैंगन असायचे, म्हणजे दाणे, तीळ, खोबरं आणि चिंचेच्या रश्शातली छोटी अख्खी वांगी. डबा उघडला की रेहाना सगळ्यांना म्हणायची, "घ्या गं." काही जणी घ्यायच्या. काही जणी हसून म्हणायच्या, "आज माझा उपवास आहे." मग तो सोमवार असो, बुधवार असो. त्यांच्या पाठीमागे रेहाना मला म्हणायची, "या हॉस्टेलचा देव लई कडक आहे बाई, डबा आला की पोरींना उपाशी ठेवतो." आम्ही दोघी पोट धरून हसायचो. माझी भाकरी तोवर त्या रश्शात बुडालेली असायची. दोन-तीन दिवस तो डबा पुरायचा. तिसऱ्या दिवशी चव जास्त मुरलेली.

गेली काही वर्षं रेहाना पडेगावकडच्या एका लहानशा खासगी संग्रहालयाचं कँटीन चालवत होती. आता तिथल्या ट्रस्टला कॉफीचं मशीन आणि पिझ्झा हवा होता. तिच्या अम्मीच्या हातचं मी खूप खाल्लं, तिच्या हातचं एकदाही नाही. हॉस्टेलात ती चहासुद्धा करपवायची.

प्रवासाबद्दल थोडक्यात. पुण्याहून सकाळी लवकर निघणारी गाडी घ्या. अहिल्यानगरपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे ट्रक फार. दुपारी उशिरापर्यंत पोचता. मी स्टेशनजवळ साध्या लॉजवर उतरले. रेहाना घरी ये म्हणत होती, पण तिच्या मुलाचा फ्लॅट लहान आणि कोणाच्या घरात अडचण करणं मला जमत नाही. संध्याकाळी रिक्षाने औरंगपुऱ्यात गेले. गर्दी तीच, फक्त सायकलींच्या जागी दुचाक्या. आमची वह्या-पुस्तकांची गल्ली आता मोबाइलच्या कव्हरांनी भरली आहे. एका गाड्यावर मिरचीची भजी खाल्ली, चहा घेतला. चहावाल्याने विचारलं, "मावशी, नवीन का इथं?" मी म्हटलं, "तुझ्या जन्माआधीची आहे." तो म्हणाला, "मग साखर कमी टाकतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या काउंटरवर मॅनेजर गणपतीच्या तसबिरीला दूर्वा वाहत होता. "आज संकष्टी ना, मॅडम," तो म्हणाला. मी जागच्या जागी थांबले. हॉस्टेल सुटल्यावर, लग्नाच्या आधीपासून मी संकष्टी करते. आजारपणात केली, बाळंतपणानंतर केली, एकही मोडलेली नाही. रेहानाला लगेच फोन करावा असं मनात आलं. पण फोनवर काय सांगायचं, तिथे पोचल्यावर बोलू, असं ठरवलं. या सगळ्या सहलीत दहा सेकंदांचं ते एक काम मी पुढे ढकललं.

संग्रहालय जरूर पाहा. स्टेशनहून रिक्षा मिळते, दौलताबाद रस्त्याने जायचं. भाडं आधी ठरवा. हिमरू कापडाचा जुना हातमाग, निजामाच्या काळातली पाकिटं आणि शिक्के, शेतीची अवजारं, आणि एक दालन फक्त भांड्यांचं. तांब्याची डेग एवढी मोठी की आत माणूस बसेल. दीड-दोन तास पुरतात. पंखे कमी आहेत, पाणी बरोबर ठेवा. पाटीवर कॅफेटेरिया लिहिलं असलं तरी सगळे त्याला कँटीनच म्हणतात. मागच्या अंगणात कडुनिंबाखाली पाच-सहा टेबलं आहेत.

त्यातल्या एका टेबलावर नवी चादर घातली होती. दारातून रेहाना ओरडली, "मास्तरीण! कित्ती देर? वांगी म्हातारी झाली तुझी वाट बघून!"

हॉस्टेलात माझं नाव मास्तरीणच होतं. तिने मला मिठी मारली. हाताला तिळाचा वास. टेबलावर झाकलेली पातेली येऊ लागली. बघारे बैंगन, भोपळ्याचा दालचा म्हणजे चिंचेची आंबट डाळ, अंबाडीची भाजी, टोपलीत फडक्याखाली भाकरी. स्वयंपाकघरातली मंगल भाकरी ठेवताना म्हणाली, "ताई, पहाटंपासून लागल्यात बाई. वांगी सोत्ता निवडून आणल्यात, मला हात लावू दिला नाय."

"गप गं," रेहाना म्हणाली आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

मी म्हटलं, "रेहाना, आज माझी संकष्टी आहे. उपवास आहे."

झाकण तिच्या हातात राहिलं. फार वेळ नाही. मग तिने ते परत पातेल्यावर ठेवलं, काठ जुळवून.

"व्हय?" ती म्हणाली. "मग नक्को जेवू. उपास मोडायचा नाय. आमचा रोजा कुणी मोडायला लावला तर आम्हाला चालंल का?" मग मंगलकडे वळून, "केळी आण गं, पपई आण. साबुदाणा आता कुठं भिजायचा." आणि माझ्याकडे न बघता, "सकाळी फोन केला असतास तर भिजवला असता."

मी केळं खाल्लं, पपई खाल्ली, चहा घेतला. चहा उत्तम होता. रेहाना समोर बसून मुलाबद्दल, गुडघ्यांबद्दल, ट्रस्टच्या नव्या माणसाबद्दल बोलत राहिली. ती स्वतःही जेवली नाही. "पाव्हणा उपाशी आन् मी जेवू?" एवढंच म्हणाली. जालन्याहून आलेल्या एका कुटुंबाला आमच्या टेबलावरची पातेली गेली. त्यांच्यातले आजोबा बोटं चाटत म्हणाले, "भाभी, वांगं लई झ्याक जमलंय. अजून एक भाकर येऊ द्या." रेहाना उठून वाढायला गेली. मी पाण्याचा पेला हातात धरून बसले होते.

निघताना ती स्टीलचा डबा घेऊन आली. "बांधून देते. चंद्र बघून गाडीत खा."

"नको गं," मी म्हटलं. "तेल सांडेल. आणि टिकणार नाही."

"बरं," ती म्हणाली. आग्रह केला नाही. रेहानाने आग्रह न केल्याचं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी गाडीची वेळ बघत होते.

परतीची गाडी वेळेवर सुटली. नेवाशाच्या पुढे एका ढाब्यावर थांबली, आणि पत्र्याच्या शेडवर चंद्र आलेला होता. नमस्कार केला, उपवास सोडायला पुरीभाजी मागवली. पुरी गार होती, भाजीतला बटाटा कच्चा. तो चावता चावता तिसऱ्या दिवशीचा तो मुरलेला रस्सा आठवला. जालन्याहून एसटीत धक्के खात आलेला डबा तीन दिवस टिकायचा, हे जगात ज्या दोघींना पक्कं ठाऊक होतं, त्यातली एक मी. आणि मी दुसरीला सांगून आले होते की टिकणार नाही.

मग उरलेलं आठवलं. "आज माझा उपवास आहे." त्या मुलींचं वाक्य, त्यांचं ते हसू, आणि पाठीमागे आमचं हसणं. तेच वाक्य मी रेहानाला तिच्या स्वतःच्या टेबलावर ऐकवलं होतं. वर डबाही नाकारला होता. माझा उपवास खरा होता. पण खऱ्याखोट्याची खूण बाहेरून कशी दिसणार? मी पानातलं तसंच टाकून उठले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, भाजी बरी नव्हती का?"

घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. सकाळी उठल्या उठल्या, बॅगही न उघडता तिला फोन लावला. म्हटलं, याच आठवड्यात परत येते, जेवायलाच येते.

"अगं, आता कुठं," ती म्हणाली. "भांडी बांधायला घेतली आम्ही. मोठी पातेली तर दिलीसुद्धा. घरी ये कधीतरी, मुलाकडं." मागे मंगलचा आणि भांड्यांचा आवाज येत होता.

जाणाऱ्यांसाठी: संग्रहालय चालू आहे, नवं कँटीनही उघडलं असेल. मला माहीत नाही. जेवणाचा फोटो नाही. कोणी तुमच्यासाठी स्वयंपाक करणार असेल तर आदल्या दिवशी तिथी बघा, आणि डबा दिला तर घ्या. सांडला तर सांडू द्या.

फोन ठेवायच्या आधी मात्र मी बोललेच. "रेहाना, काल खरंच संकष्टी होती गं."



"माहीत आहे," ती म्हणाली. "तू गेल्यावर मी कॅलेंडर बघितलं."

इतक्या वर्षांत माझा शब्द खरा आहे का, हे तिला कधी कशात बघावं लागलं नव्हतं.